तुरीच्या जनुकांचा पत्ता लागला. वाशीमच्या शेताचा कधी लागणार?

वाशीम - पेरणीनंतर चार-पाच महिने हिरवीगार दिसणारी तूर ऐन फुलोऱ्यात एका बाजूने वाळू लागते. खोडावर जमिनीपासून वर चढत गेलेला जांभळट पट्टा दिसतो आणि आठ-पंधरा दिवसांत ओळीतील जागा रिकाम्या होत जातात. मर रोगाचे हे दृश्य वाशीम जिल्ह्याला नवे नाही. नवे आहे ते एवढेच, की ज्या झाडाला हा रोग मारतो त्याची जनुके कोणत्या गुणसूत्रावर कोठे बसली आहेत, याचा बराचसा हिशेब आता शास्त्रज्ञांच्या हाती आहे. हा हिशेब मांडला जाऊन एका तपाहून अधिक काळ लोटला. बांधावर मात्र त्याचा मागमूस अद्याप फारसा दिसत नाही. असे का झाले, याचे उत्तर प्रयोगशाळेतही सापडते आणि प्रयोगशाळेबाहेरही.

तुरीचा जनुकीय आराखडा जगासमोर आला तो नोव्हेंबर २०११ मध्ये. भारतीयांच्या ताटातील डाळींमध्ये हा मान तुरीला पहिला मिळाला. हरभऱ्याला त्यासाठी २०१३ ची वाट पाहावी लागली. गंमत अशी, की एकाच सुमारास दोन गटांनी तुरीचा आराखडा सादर केला. एक गट हैदराबादजवळील पाटणचेरू येथील 'इक्रिसॅट' या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या डॉ. राजीव वार्ष्णेय यांच्या नेतृत्वाखालील, तर दुसरा भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या दिल्लीतील वनस्पती जैवतंत्रज्ञान केंद्राचे डॉ. नागेंद्र कुमार सिंह यांच्या नेतृत्वाखालील. दोघांनीही वाण निवडला तो एकच, 'आशा' अर्थात आयसीपीएल ८७११९. इक्रिसॅटच्या गटाने ४८,६८० जनुकांचा अंदाज वर्तविला, तर दिल्लीच्या गटाने ४७,००४ जनुकांचा. पहिले कोण, यावर तेव्हा थोडी कुरबुरही झाली. शेतकऱ्याच्या दृष्टीने तिला काडीचेही महत्त्व नव्हते.

विदर्भाशी या कामाचा संबंध अगदीच दूरचा नाही. आराखड्यापूर्वी, २००६ च्या अखेरीस, तुरीच्या जनुकीय अभ्यासासाठी जो संयुक्त उपक्रम सुरू झाला, त्यातील सहभागी संस्थांमध्ये अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठही होते. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातूनच वेगळा झालेला वाशीम जिल्हा आजही याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो.

पाच अक्षरांपैकी दोनच जागेवर

आराखडा तयार झाला म्हणजे सारे कळले, असा समज त्या वेळच्या बातम्यांनी करून दिला होता. वस्तुस्थिती निराळी होती. तुरीच्या पेशीत गुणसूत्रांच्या ११ जोड्या असतात आणि त्यांवर मिळून डीएनएची सुमारे ८३ कोटी ३० लाख अक्षरे आहेत, असा अंदाज आहे. इक्रिसॅटच्या गटाने त्यांपैकी सुमारे ६० कोटी ५८ लाख अक्षरे जुळविली. पण जुळविलेले तुकडे कोणत्या गुणसूत्रावर कोठे बसतात, हे सांगता आले ते जेमतेम २३ कोटी ७० लाख अक्षरांबाबत. म्हणजे वाचलेल्या दर पाच अक्षरांपैकी दोनच आपल्या जागेवर होती. उरलेल्या तुकड्यांतील जनुके ठाऊक होती, मात्र त्यांचा पत्ता ठाऊक नव्हता. एखाद्या गावातील सर्व घरमालकांची नावे हाती यावीत, पण अर्ध्याहून अधिक घरे कोणत्या गल्लीत आहेत ते कळू नये, अशी ही स्थिती होती.

पत्त्याला एवढे महत्त्व का, हे समजून घेण्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागते. अमेरिकेतील आल्फ्रेड स्टर्टेव्हंट या तरुणाने १९१३ मध्ये फळमाशीच्या काही गुणांचा पहिला जनुकीय नकाशा काढला. त्याची युक्ती साधी होती. दोन गुण आईबापांकडून मुलांकडे जाताना जितक्या वेळा एकत्र जातात तितकी त्यांची जनुके एकाच गुणसूत्रावर जवळजवळ असणार. जितक्या वेळा ताटातूट होते तितके त्यांच्यातील अंतर जास्त. आजही पिकांच्या बाबतीत पद्धत मुळात हीच आहे. रोगाला बळी पडणारा आणि रोगाला दाद न देणारा, अशा दोन वाणांचा संकर करायचा, पुढच्या पिढ्यांतील शेकडो झाडे रोगट जमिनीत लावायची, कोणती जगली ते नोंदवायचे आणि जगलेल्यांच्या डीएनएमध्ये कोणती खूण सातत्याने आढळते ते पाहायचे. ती खूण म्हणजेच रोगप्रतिकारक जनुकाचा शेजारी. एकदा हा शेजारी सापडला, की रोपाला रोग लागेपर्यंत थांबावे लागत नाही. पंधरा दिवसांच्या रोपाचे एक पान पुरते.

तुरीत हे काम अडले ते खुणांच्या दुष्काळामुळे. लागवडीखालील तुरीचे वाण दिसायला वेगवेगळे असले तरी डीएनएच्या पातळीवर ते आश्चर्य वाटावे इतके सारखे आहेत. आईबापांत फरकच नसेल तर मुलांत काय शोधणार? सोयाबीनला ही अडचण फारशी आली नाही. अमेरिकेत या पिकाचे दाट नकाशे अनेक वर्षांपासून तयार होते. त्यामुळे जानेवारी २०१० मध्ये सोयाबीनचा आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा जुळविलेल्या सुमारे ९५ कोटी अक्षरांपैकी जवळजवळ सर्व अक्षरे २० गुणसूत्रांवर आपापल्या जागी बसलेली होती.

वाशीमच्या शेतात ही दोन पिके शेजारी उभी असतात. जिल्ह्याच्या चार लाख हेक्टरांच्या आसपासच्या खरिपात तीन लाख हेक्टरांच्या आसपास सोयाबीन असते आणि त्याच्या ओळींमधून तुरीची ओळ जाते. एका पिकाच्या मागे अमेरिका, ब्राझीलची बाजारपेठ आणि बड्या बियाणे कंपन्यांचा पैसा. दुसऱ्याच्या मागे भारत, म्यानमार आणि पूर्व आफ्रिकेतील गरीब कोरडवाहू शेतकरी. नकाशातील दाटपणा आणि विरळपणा हा त्या पैशाचाच प्रतिबिंबित फरक आहे, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

आराखड्यानंतर मात्र तुरीचे काम वेगाने पुढे गेले, हे मान्य केले पाहिजे. २०१७ मध्ये २९२ वाण व रानटी नमुन्यांची जनुकीय उकल प्रसिद्ध झाली. मर रोगाच्या प्रतिकाराशी निगडित अशा अनेक जागा सापडल्या. त्यांत अकराव्या गुणसूत्रावरील जागा विशेष महत्त्वाची ठरली. झाडाची वाढ एका टप्प्यावर थांबवून सगळ्या शेंगा जवळपास एकाच वेळी आणणारे जनुकही ओळखले गेले. दरम्यान तुकडे जुळविण्याची नवी तंत्रे आली आणि पूर्वी बेपत्ता असलेल्या बऱ्याच तुकड्यांना गुणसूत्रांवर जागा मिळाली.

संकरित तुरीचा धडा

नकाशाचा उपयोग कोठे होऊ शकतो, हे संकरित तुरीच्या कहाणीवरून स्पष्ट होते. ही कहाणी विदर्भाच्या अगदी जवळची आहे. डाळवर्गीय पिकातील जगातील पहिला संकरित वाण म्हणून आयसीपीएच ८ ची ओळख आहे. तो १९९१ मध्ये आला. त्यापाठोपाठ नव्वदच्या दशकातच अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने एकेपीएच ४१०४ आणि एकेपीएच २०२२ हे संकरित वाण दिले. उत्पादनवाढीचे आकडे चांगले होते. तरीही हे वाण शेतात टिकले नाहीत.

कारण बीजोत्पादनात दडलेले होते. त्या पद्धतीत मादी ओळीतील निम्मी झाडे नरवंध्य आणि निम्मी परागयुक्त निघत. फुले येताच एकेक झाड तपासून परागयुक्त झाडे उपटावी लागत. मजूर लावून, दररोज, काही आठवडे. चार झाडे नजरेतून सुटली तरी बियाण्यात भेसळ. कपाशीचे संकरित बियाणे हाताने तयार करणाऱ्या विदर्भाला मजुरीचे गणित नवे नव्हते. पण कपाशीच्या बियाण्याला जो भाव मिळतो तो तुरीच्या बियाण्याला मिळणार नव्हता. बियाणे महाग पडले आणि कंपन्यांनी अंग काढून घेतले.

पुढे रानटी तुरीच्या एका जवळच्या नातलगापासून, कजानस कजानिफोलियसपासून, पेशीद्रव्यातील नरवंध्यत्व मिळविण्यात आले. या पद्धतीत मादी ओळीतील सर्वच झाडे नरवंध्य असतात, त्यामुळे उपटण्याचा प्रश्न राहत नाही. त्यावर आधारित आयसीपीएच २६७१ हा वाण २०१० मध्ये मध्य प्रदेशात प्रसारित झाला. पण या पद्धतीची स्वतःची अट आहे. नर ओळीत प्रजननक्षमता परत आणणारे जनुक असलेच पाहिजे. नसल्यास शेतकऱ्याच्या शेतात झाडे फुलतील, शेंगा धरणार नाहीत. हे जनुक आहे की नाही, ते पूर्वी संकर करून, पुढच्या हंगामात झाडे वाढवून, परागकण सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ठरवावे लागे. आता त्याची मुख्य जागा आठव्या गुणसूत्रावर निश्चित झाली आहे. शिवाय संकरित बियाण्याची शुद्धताही डीएनएच्या खुणांवरून काही दिवसांत तपासता येते. शेतात पेरून तपासायचे तर एक अख्खा हंगाम जातो आणि तोवर विक्रीची वेळ निघून जाते.

येथे नकाशाने खरोखरच अडलेला गाडा हलविला. तो वाशीमपर्यंत आला नाही, याचे कारण मग वेगळे आहे. संकरित तुरीला उशिरापर्यंत ओल लागते. जिल्ह्यातील, विशेषतः मानोरा, मंगरूळपीरकडील चढउताराच्या हलक्या जमिनींत ऑक्टोबरनंतर ओल टिकत नाही. सोयाबीन निघाल्यावर तुरीला एखादे पाणी देण्याची सोय ज्यांच्याकडे आहे त्यांनाच जादा उत्पादनाचा लाभ. दरवर्षी नवे बियाणे घेण्याचा खर्च मात्र सर्वांना सारखाच.

हरभऱ्याने गाठलेला पल्ला

नकाशा ते बियाण्याची पिशवी हा प्रवास होऊच शकत नाही, असे नाही. हरभऱ्यात तो झाला आहे. आयसीसी ४९५८ या वाणाची मुळे खोल जातात आणि पाण्याचा ताण तो सहन करतो, हे जुने निरीक्षण. त्यामागील अनेक गुणांची जनुके हरभऱ्याच्या चौथ्या गुणसूत्रगटावर एकाच ठिकाणी दाटीवाटीने बसली आहेत, असे नकाशावरून लक्षात आले. तेवढाच पट्टा खुणांच्या साह्याने पुसा ३७२ या वाणात उतरविण्यात आला आणि २०१९ मध्ये पुसा चिकपी १०२१६ हा वाण प्रसारित झाला. त्याच वर्षी मर रोगाला प्रतिकार करणारा सुपर अण्णिगेरी १ हा वाणही याच मार्गाने आला.

मग तूर मागे का? पहिले कारण कालावधीचे. हरभरा साडेतीन महिन्यांत निघतो. तुरीला पाच ते सहा महिने लागतात आणि दिवस लहान झाल्याशिवाय ती फुलत नाही. त्यामुळे पारंपरिक पद्धतीने वर्षाला एकच पिढी मिळते. नियंत्रित प्रकाशाच्या खोल्यांत वर्षाला दोन ते चार पिढ्या घेण्याचे तंत्र इक्रिसॅटने अलीकडेच विकसित केले आहे. दुसरे कारण परागीभवनाचे. हरभरा स्वतःच्याच परागावर भागवतो; तुरीच्या फुलांवर मधमाश्या येतात आणि शेजारच्या शेताचा पराग घेऊन जातात. जपलेला शुद्ध वाण तीन-चार वर्षांत मिश्र होतो. घरचे बियाणे वापरणाऱ्या शेतकऱ्याला 'वाण उतरला' असे वाटते, त्याचे एक कारण हेच.

तिसरे कारण अधिक गंभीर आहे आणि त्याची चर्चा कमी होते. मर रोगाची बुरशी सर्वत्र एकसारखी नाही. वांझ रोगाचा विषाणूही नाही. बंगळूर भागातील प्रकार पाटणचेरूच्या प्रकारापेक्षा अधिक घातक असल्याचे आढळले आहे. एका ठिकाणच्या रोगट वाफ्यात सापडलेली खूण दुसऱ्या ठिकाणच्या बुरशीविरुद्ध उपयोगी पडेलच, याची खात्री देता येत नाही. म्हणजेच अकराव्या गुणसूत्रावरील ती जागा रिसोड किंवा कारंज्याच्या मातीत काम करते काय, हे त्या मातीतच तपासावे लागेल. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. रोगट जमिनीचा राखून ठेवलेला तुकडा, वर्षानुवर्षे नोंदी ठेवणारा माणूस आणि त्या माणसाची बदली न होणे, एवढेच लागते. नेमके हेच दुर्मीळ झाले आहे. जनुकीय आराखड्याला पत्रकार परिषद लाभते; रोगट वाफ्याला ती कधीच लाभत नाही.

जिल्ह्याच्या शेतात आज जे वाण दिसतात, बीएसएमआर ७३६, बीडीएन ७११, अलीकडे गाजलेला 'गोदावरी', ते बहुतांशी मराठवाड्यातील बदनापूरच्या संशोधन केंद्राची देणगी आहेत आणि ते मुख्यतः अशाच वाफ्यांतील जुन्या पद्धतीच्या निवडीतून आले आहेत. नकाशा त्या निवडीचा वेग वाढवू शकतो. निवड ज्या जमिनीवर होते ती जमीनच नसेल तर त्याचा उपयोग नाही.

नकाशाच्या मर्यादेचे आणखी एक उदाहरण शेंगा पोखरणाऱ्या अळीचे. तुरीचे सर्वाधिक नुकसान करणाऱ्या या किडीविरुद्ध भक्कम प्रतिकार लागवडीखालील वाणांत आढळतच नाही. तो आहे कजानस स्कॅराबेऑयडिस यांसारख्या रानटी प्रजातींत. जे जनुक आपल्या तुरीत नाही ते तिच्या नकाशात सापडणार कोठून? रानटी प्रजातीशी संकर, त्यातून येणाऱ्या नको त्या गुणांची छाटणी आणि मग निवड, असा हा लांबचा पल्ला आहे. तोपर्यंत फवारणी हाच उपाय आणि तिचा खर्च शेतकऱ्याच्या माथी.

भावाचे गणित

संशोधनाच्या गतीवर भावाचाही परिणाम होतो, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. २०१५-१६ मध्ये देशात तुरीचे उत्पादन सुमारे २५ लाख ६० हजार टनांवर घसरले आणि डाळ किलोला दोनशे रुपयांपर्यंत गेली. सरकारने शेतकऱ्यांना तूर पेरण्याचे आवाहन केले. पुढच्याच वर्षी उत्पादन ४८ लाख ७० हजार टनांवर गेले, भाव ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली आले आणि एप्रिल २०१७ मध्ये खरेदी केंद्रे बंद झाली तेव्हा राज्यभर पोत्यांच्या रांगा लागलेल्या होत्या. दरम्यान, जुलै २०१६ मध्ये मोझांबिककडून तूर घेण्याचा करार झाला होता. मे २०२१ मध्ये तुरीची आयात मुक्त करण्यात आली आणि ती सवलत पुढे वेळोवेळी वाढविली गेली.

अशा बाजारात अधिक उत्पादन देणारे बियाणे घेण्याचे धाडस कोणी करावे? देशातील सरासरी उत्पादकता हेक्टरी सातशे ते नऊशे किलोंच्या पट्ट्यात घुटमळत राहिली, त्याला केवळ वाण जबाबदार नाही. तूर हे वाशीमच्या शेतकऱ्यासाठी मुख्य पीक नाही. ते सोयाबीन बुडाले तर हाती काही राहावे म्हणून घेतलेले पीक आहे. ज्या पिकाकडे विमा म्हणून पाहिले जाते त्यावर खर्च कमीत कमी केला जातो. आणि २०२३ च्या खरिपात पिवळ्या मोझॅकने विदर्भातील सोयाबीन अनेक ठिकाणी शेंगा भरण्याआधीच पिवळे पाडले, तेव्हा या विम्याची किंमत पुन्हा कळली. सोयाबीनचा नकाशा कितीही दाट असला तरी त्या वर्षी तो उपयोगी पडला नाही.

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये डाळींच्या आत्मनिर्भरतेचे अभियान सुरू केले. सहा वर्षांसाठी ११,४४० कोटी रुपयांची तरतूद असून तूर, उडीद आणि मसूर ही पिके त्याच्या केंद्रस्थानी आहेत. २०३०-३१ पर्यंत डाळींचे उत्पादन ३५० लाख टनांवर नेण्याचे उद्दिष्ट आहे. तुरीचा हमीभावही २०२५-२६ साठी ८,००० रुपये करण्यात आला. या निधीतील किती वाटा जिल्हा पातळीवरील रोगट वाफे, स्थानिक चाचण्या आणि बीजोत्पादन यांच्याकडे वळतो, यावर बरेच अवलंबून राहील. चाचण्यांसाठी लागणारी साखळी जवळच उपलब्ध आहे. विद्यापीठ अकोल्यात, राज्य बियाणे महामंडळ 'महाबीज'चे मुख्यालय अकोल्यात आणि कृषी विज्ञान केंद्र रिसोड तालुक्यातील करडा येथे.

वेळेचा हिशेब मात्र चुकविता येत नाही. खुणांच्या साह्याने एखादा गुण प्रचलित वाणात उतरविण्यास चार-पाच वर्षे, त्यानंतर अखिल भारतीय समन्वित प्रकल्पातील तीन वर्षांच्या चाचण्या, मग अधिसूचना आणि त्यापुढे पैदासकार, पायाभूत व प्रमाणित बियाण्याचे तीन हंगाम. मर रोगाच्या जागा २०१७ मध्ये निश्चित झाल्या आणि त्याच वर्षी काम सुरू झाले असे गृहीत धरले, तरी प्रमाणित बियाणे वाशीमच्या कृषी सेवा केंद्रात येण्यास २०२८ चा खरीप उजाडतो. तोही मधला एकही हंगाम वाया गेला नसेल तर.